छोटा धंदा, घरचा टेम्पो आणि सरकारी कागद: लोक सारखं विचारतात ते प्रश्न

सांगली-मिरजेकडं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचं आणि रिटर्न भरायचं काम मी करते. दर आठवड्याला तेच तेच प्रश्न येतात, कोण फोनवर विचारतं, कोण व्हॉट्सॲपवर कागदाचा अर्धवट फोटो टाकून "ताई, हे काय आलंय बघा" म्हणतं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. किराणा, बेदाणा, हळद, मसाला, पापड-लोणची असला धंदा आणि माल पोचवायला घरचाच टेम्पो, अशा माणसाला डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय, मोठ्या कंपन्यांसाठी हे नाही. रकमा आणि मुदती बदलत राहतात तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या त्या खात्याच्या साइटवर एकदा नजर टाकाच. आणि एक आत्ताच सांगते, यातले बरेच कागद फुकट किंवा किरकोळ फीमध्ये निघतात, तरी लोक त्यापायी हजारो रुपये घालवतात, ते मला बघवत नाही.

ताई, दुकान टाकायचंय, पहिला कागद कुठला काढू?

शॉप ॲक्ट. मुंबईकडं याला गुमास्ता म्हणतात, गोष्ट एकच. आता राज्यात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे आणि त्यात १० पेक्षा कमी कामगार असले तर रीतसर नोंदणी लागतच नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० कामगारांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. म्हणजे नवरा-बायको आणि एक पोरगा असं दुकान असेल तर तुम्ही सूचनावालेच. ती पोच छापून दुकानात लावा, बँकेत चालू खातं उघडताना पहिल्यांदा तीच मागतात.

पाटी इंग्रजीत केली तर चालते का? माझ्याकडं दोनच कामगार आहेत.

मराठी पाहिजेच, देवनागरीत. पूर्वी छोट्या दुकानांना सूट होती पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, पाटी मराठीत लागते. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पाट्या बदला असं सांगितलं गेलं. नवीन पाटी रंगवताय तर पहिल्यांदाच नीट करून घ्या, परत पेंटरला पैसे कशाला.

उद्यम रजिस्ट्रेशनला २,५०० रुपये सांगितलेत, बरोबर आहे का?

नाही! उद्यम म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडं करायची नोंदणी, ती फुकट आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून एक रुपया फी नाही. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं, एकही कागद अपलोड करायचा नसतो, सगळं स्वतःच्या घोषणेवर चालतं. गडबड अशी होते की गुगलवर शोधलं की वर जाहिराती येतात, अशोकचक्र आणि तिरंग्याचे रंग वापरून सरकारीच वाटेल अशा साइट बनवलेल्या असतात आणि शेवटच्या पानावर पैसे मागतात. साइटचं नाव "डॉट गव्ह डॉट इन" नं संपतंय का बघा. नसेल संपत तर बंद करा, आधार नंबर टाकायच्या आधीच.

आणि सर्टिफिकेट दरवर्षी रिन्यू करायचं म्हणून फोन येतात तेही खोटं. रिन्यू असं काही नाही, आकडे बदलले की माहिती अपडेट करायची इतकंच.

पण उद्यम काढून फायदा काय? सगळे म्हणतात काढ, का ते कोण सांगत नाही.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण खरा फायदा लोकांना माहीतच नसतो. तुम्ही स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, मसाला कांडप, पापड, बेकरी, शिलाई, वर्कशॉप काहीही, आणि एखादी मोठी पार्टी तुमचे पैसे अडवून बसली असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. करार लेखी असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस, त्याच्या आत पैसे द्यायलाच लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्याला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, या भीतीनं आजकाल मार्चमध्ये पेमेंट पटापट सुटतात.

मात्र नुसता व्यापार, म्हणजे माल आणायचा आणि विकायचा, असेल तर हा उशिरा पैशाचा फायदा मिळत नाही. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलंय पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. हे आधीच समजून घ्या. नोंदणीही तगादा लावायच्या वेळी करण्यापेक्षा माल देण्याच्या आधी केलेली असावी आणि नंबर बिलावर छापलेला असावा.

मर्यादा म्हणाल तर १ एप्रिल २०२५ पासून वाढल्यात, यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत सूक्ष्म उद्योगच. आपण सगळे त्यातच येतो.

जीएसटी नंबर कधी घ्यायचा? ४० लाख म्हणतात, २० लाख म्हणतात, खरं काय?

दोन्ही खरं. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की, आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की नंबर घ्यावा लागतो. दुकानात मालही विकता आणि रिपेअरिंगही करता तर २० धरूनच चाला.

आता आपल्या भागातली मेख. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, कर्नाटक. कागलच्या पुढं निपाणी, तेही कर्नाटक. कर लागणारा माल दुसऱ्या राज्यात विकला तर उलाढाल किती का असेना, नंबर लागतोच, हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर. कितीतरी लोक वर्षाला १०-१२ लाखांचा धंदा करतात आणि "आपण तर ४० च्या खूप आत आहे" म्हणून निवांत असतात, आणि पोती मात्र दर आठवड्याला कागवाडला जातात. अंतर १५-२० किलोमीटर असलं तरी हद्द ती हद्दच.

उलाढाल धरताना करमुक्त मालाची विक्रीसुद्धा मोजतात आणि एका पॅनवरच्या सगळ्या दुकानांची मिळून मोजतात. पण फक्त करमुक्तच माल विकत असाल, नुसता ताजा भाजीपाला म्हणा, तर नंबर लागत नाही.

नंबर काढायला फी किती? लाइट बिल वडिलांच्या नावावर आहे, चालेल का?

सरकारी फी शून्य. लाइट बिल वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं, सोबत त्यांचं संमतीपत्र जोडायचं की या जागेत माझा मुलगा धंदा करतोय, माझी हरकत नाही. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावचं लाइट बिल. अर्ज अडकतात ते इथंच, बिलावरचा पत्ता एक आणि अर्जातला दुसरा, गट नंबर लिहायचा राहिलेला, बिल जुनं. अडीच लाखांपेक्षा जास्त कर महिन्याला बसणार नसेल त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२५ पासून तीन दिवसांत नंबर मिळायची सोपी पद्धत आलीय, पण त्यातही पत्ता जुळायलाच हवा.

कंपोझिशन घेऊ का?

कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यासाठी जीएसटीची सोपी योजना, उलाढालीवर ठरावीक टक्के कर. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर घेता येते. व्यापारी आणि कारखानदाराला १ टक्का, हॉटेलला ५ टक्के, कर तिमाहीला भरायचा आणि रिटर्न वर्षाला एक. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि खरेदीवरचा कर परत मिळत नाही. पण परत तेच कागवाड! कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही. गिऱ्हाईक सगळं गावातलं, फुटकळ असेल तर चांगली. तुमचा माल जीएसटी नंबरवाल्या दुकानदारांना जात असेल तर नको, त्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही मग ते दुसरीकडं जातात.

पीटीईसी काय असतं? नोटीस आलीय.

व्यवसाय कर. धंदा करणाऱ्यानं स्वतःचा भरायचा तो पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये. कामगारांच्या पगारातून कापून भरायचा तो पीटीआरसी. जीएसटी नंबर घेतला की सगळे हे विसरतात आणि तीन-चार वर्षांनी व्याजासकट आठवण येते. जूनच्या आत भरून टाका. पगारदार बायकांना २५,००० रुपये महिन्यापर्यंत हा कर नाही, दुकानात मुली कामाला असतील आणि कोणी कापत असेल तर सांगा त्यांना.

वजनकाट्याला दरवर्षी शिक्का मारायला लागतो का?

इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी, सुट्या वजनांना दोन वर्षांनी. वैधमापन खात्याचं काम आहे. सर्टिफिकेट गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. आणि पाकिटात भरून विकत असाल तर पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर, हे सगळं छापलेलं पाहिजे. मसाल्याच्या पाकिटावर बचत गटाच्या बायका सुंदर लेबल करतात आणि निव्वळ वजन टाकायचं राहून जातं. खायची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना आलाच, त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर तर लागतोच, जानेवारी २०२२ पासून बिलावरही लागतो.

छोटा हत्ती घेतलाय. माझ्याकडं कारचं लायसन्स आहे, वेगळं ट्रान्सपोर्टचं काढू का?

नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं हा प्रश्न निकाली काढला. एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या (कारच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. पूर्वी अपघात झाला की विमा कंपन्या याच मुद्द्यावर क्लेम अडवायच्या. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक तिला परवानगी असलेला माल, आरसीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. केमिकल, गॅस असला धोकादायक माल असेल तर मात्र नियम वेगळे.

मग परमिट?

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्यातच तशी सूट आहे. काही पिकअप या मर्यादेच्या आत असतात आणि काही बाहेर, मॉडेल बघून घ्या, शोरूमवाल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

पण परमिट नाही म्हणजे बाकी काही नाही असं समजू नका. पिवळी पाटी, फिटनेस, विमा, पीयूसी हे सगळं लागतंच. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष नाही, नंतर बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षातून एकदा. विमा निदान थर्ड पार्टी तरी चालू पाहिजे, तो नसताना अपघात झाला तर समोरच्याची भरपाई मालकाच्या घरादारावर येते, दंडाचे २,००० रुपये त्यापुढं काहीच नाहीत. फिटनेस संपलेला असताना विमा असूनही कंपनी भांडते, म्हणून दोन्ही तारखा मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा.

ई-वे बिल ५० हजाराला की एक लाखाला?

ई-वे बिल म्हणजे माल गाडीतून नेताना सोबत लागणारा, ऑनलाइन काढायचा कागद. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. परराज्यात ५० हजारांच्या वर. परत सांगते, मिरजेहून पुण्याला ८० हजारांचा बेदाणा चालला तर ई-वे बिल नको, तोच ८० हजारांचा बेदाणा कागवाडला चालला तर पाहिजे. रक्कम धरताना कर मिळवून धरायची, ९८ हजारांचा माल आणि ५ टक्के कर म्हणजे झाले की लाखाच्या वर! बिलात करमुक्त माल असेल तर त्याची किंमत सोडून द्यायची.

लोकांचा मोठा गैरसमज ५० किलोमीटरचा. "५० किलोमीटरच्या आत ई-वे बिल लागत नाही" असं ड्रायव्हर लोक छातीठोक सांगतात. तसं नाही. तुमच्या गोडाऊनपासून ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसपर्यंत, राज्यातल्या राज्यात, ५० किलोमीटरच्या आत माल नेताय तर भाग ब म्हणजे गाडीचा नंबर न भरायची सूट आहे. भाग अ म्हणजे मालाची माहिती तरी भरायचीच, आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल नेताय तर ही सूटसुद्धा नाही.

वैधता दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. गाडी बंद पडली, घाटात अडकली तर मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास या वेळात वाढवून घेता येते. चुकीचं निघालं तर २४ तासांत रद्द करता येतं, वाटेत कोणी तपासलं नसेल तर. आणि जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांपेक्षा जुन्या बिलावर ई-वे बिल निघतच नाही.

एकाच ऑर्डरचे तीन तुकडे करून तीन बिलं काढायची म्हणजे ई-वे बिल लागत नाही, असा सल्ला देणारे भेटतील. एकाच दिवशी, एकाच पार्टीला, एकाच गाडीत, पाठोपाठच्या नंबरची तीन बिलं बघितली की तपासणीवाल्याला काय समजायचं ते समजतं. ई-वे बिल काढायला पैसे पडत नाहीत, दोन मिनिटं लागतात, मग कशाला.

गाडी नाक्यावर धरली. ई-वे बिलात गाडी नंबरचा एक आकडा चुकलाय. मोठा दंड सांगतायत, काय करू?

घाबरू नका आणि पहिल्यांदा मला किंवा तुमच्या सीएला फोन करा, ड्रायव्हरला म्हणा कोऱ्या कागदावर सही करू नको.

उदाहरण आकड्यानिशी बघा. १ लाख २० हजारांचा बेदाणा, त्यावर ५ टक्के म्हणजे ६,००० कर. ई-वे बिलच नसेल तर मालक पुढं आला तरी कराच्या २०० टक्के, म्हणजे १२,००० दंड बसू शकतो आणि तोवर गाडी आणि माल दोन्ही अडकून. पण ई-वे बिल आहे, बिल सोबत आहे, आणि फक्त गाडी नंबरात एक-दोन आकडे इकडचे तिकडे झालेत, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक क्रमांक ६४ आहे. त्यात अशा किरकोळ चुका मोजून सांगितल्यात, गाडी नंबरातले एक-दोन आकडे, नावातलं स्पेलिंग, पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर, कागदाच्या नंबरात एक-दोन आकडे, असलं. यात केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० असे १,००० रुपये दंड, बस. हे परिपत्रक प्रिंट काढून टेम्पोच्या कप्प्यात ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्यानं ठेवलंय, प्लास्टिकच्या पाकिटात, आरसीच्या झेरॉक्ससोबत, आणि "साहेब, हे एकदा वाचा" एवढंच ड्रायव्हरला शिकवलंय. त्याची गाडी हजार रुपयांची पावती घेऊन तासाभरात सुटली.

आणखी एक. अर्ध्या तासाच्या वर गाडी थांबवून ठेवली तर मालवाहतूक करणाऱ्याला पोर्टलवर तशी माहिती टाकता येते, फॉर्म ईडब्ल्यूबी-०४. तपासणी झाली तर तिचा गोषवारा अधिकाऱ्यानं २४ तासांत ऑनलाइन टाकायचा असतो. पैसे भरलेच तर पावतीवरच भरा. पावती नाही तर तो दंड नाही.

कागदं मोबाइलवर दाखवली तर चालतात का?

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असतील तर चालतात, २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती झालीय. गॅलरीतला फोटो चालत नाही. रेंज नसलेल्या रस्त्यावर ॲप उघडत नाही म्हणून निघायच्या आधी एकदा उघडून ठेवा.

चलन आलंय म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, फाइल उघडू का?

अजिबात नको!! "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल येते, ती उघडली की ॲप बसतं, ते तुमचे ओटीपी वाचतं आणि खातं रिकामं. पोलीस किंवा आरटीओ कधीच एपीके पाठवत नाहीत. खरं चलन महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडी नंबर टाकून दिसतं, सोबत फोटो असतो, गाडी तुमचीच आहे का ते त्यात बघा. दुसऱ्याच गाडीचं चलन तुमच्या नावावर असेल तर तिथंच तक्रार करता येते. फसलाच असाल तर आधी १९३० वर फोन करा, मग बँकेत. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची आशा असते.

फास्टॅगचा वर्षाचा पास टेम्पोला मिळतो का?

नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला तो पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. पिवळ्या पाटीला नाही. आणि ज्यांच्याकडं कार आहे त्यांनीही लक्षात घ्या, तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलला आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी राज्याच्या ताब्यात आहेत, तिथं नेहमीचा टोल कापतो. टॅग बंद असेल तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीनं दुप्पट, यूपीआयनं सव्वापट, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ ला आला.

एचएसआरपी पाटीचे किती घेतात?

एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ही पाटी बसवायची आहे. दुचाकी ४५०, तीनचाकी ५००, चारचाकी आणि बाकी ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीचे ५३१ होतात. मुदत ३१ मार्च २०२५ पासून पुढं पुढं ढकलत आलीय. बुकिंग परिवहन खात्याच्या साइटवरून तुमच्या आरटीओचा कोड निवडूनच करा. रस्त्यावर तशीच दिसणारी पाटी २०० रुपयांत मिळते, ती नकली, तिचा नंबर वाहन पोर्टलवर चढत नाही.

तहसीलला दाखल्याचा अर्ज देऊन महिना झाला, उद्या या म्हणतात. काय करायचं?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे आणि तो लोकांनी वापरायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक कार्यालयानं कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, हे फलकावर लावायचं असतं. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आहेत. अर्ज दिला की पोच आणि अर्ज क्रमांक मिळतो, तो घ्याच, त्याशिवाय तुमचा अर्ज कधी गेला हे सिद्ध होत नाही. दिवस संपले किंवा अर्ज नाकारला (नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, "साइट चालत नाही" हे कारण नाही) की ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. मग दुसरं अपील. मग तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडं. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, तोही त्याच्या पगारातून.

आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला असेल तर अपीलही तिथूनच होतं, मोबाइलवर. भांडायची, आवाज चढवायची गरज नाही. "साहेब, मुदत अमुक तारखेला संपली, मी अपील टाकतेय" एवढं शांतपणे म्हटलं तरी पुष्कळदा संध्याकाळपर्यंत दाखला निघतो.

प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागतो का? झेरॉक्सवर साहेबांची सही?

ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा स्टॅम्प आला तो करारमदारासाठी. जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. कुणी मागितलाच तर म्हणा, तसं लेखी द्या. आणि झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागायची पद्धत राज्यानं २०१५ मध्येच बंद केली, आपणच सही करायची, स्वयंसाक्षांकित.

माहितीचा अधिकार टाकू का?

फाइल कुठं अडलीय हेच कळत नसेल तेव्हा टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत पाहिजे. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. "अर्ज क्रमांक अमुक यावर तारीखवार काय कार्यवाही झाली त्याच्या टिप्पणीची प्रत द्या" असं मागा.

एजंट लावू की स्वतः करू?

वेळ नसेल तर लावा, त्यात काही चुकीचं नाही, मीही फी घेऊनच कामं करते. फक्त तीन गोष्टी कधी हातातून सोडू नका, तुमचा मोबाइल नंबर, तुमचा ईमेल आणि पासवर्ड. जीएसटीच्या नोंदणीत एजंटनं स्वतःचा नंबर टाकलेला असतो, नंतर त्याच्याशी बिनसतं आणि मग ओटीपी त्याच्याकडं, नोटिसा त्याच्याकडं, आणि दुकानदाराला सहा महिन्यांनी कळतं की नंबर रद्द झालाय. सरकारी फी किती आणि तुमची मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

धंदा बंद केला, आता रिटर्न भरायचं का?

हो, नंबर रद्द होईपर्यंत भरायचं. विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न, नाही भरलं तर प्रत्येक रिटर्नला दिवसाला २० रुपये लेट फी चढत राहते. शटर ओढलं म्हणजे नंबर बंद झाला असं होत नाही. आधी रद्द करायचा अर्ज, फॉर्म आरईजी-१६, शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरायचं, आणि रद्दचा आदेश आला की तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न जीएसटीआर-१०. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. पीटीईसी वेगळं रद्द करायचं, जीएसटी बंद झाला म्हणून ते आपोआप बंद होत नाही. उद्यमही रद्द करता येतं. आणि टेम्पो विकला तर आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं वाहन पोर्टलवर स्वतः बघा, नुसत्या स्टॅम्पवरच्या विक्रीपत्रावर समाधान मानू नका, नाव बदलेपर्यंत चलन आणि अपघाताची नोटीस तुमच्याच घरी येणार.